धमनीच्या फुग्याला झालेला जंतुसंसर्ग आणि त्याची शस्त्रक्रिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, पनवेल या पट्ट्यातील रुग्णांचे नातेवाईक आमच्या रक्तवाहिनी शस्त्रक्रिया विभागाला जे प्रश्न तोंडी, फोनवर आणि संदेशांतून सतत विचारतात, त्यांतले नेहमीचे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. हा आजार धडधाकट माणसाला क्वचित होतो. रुग्णाला बहुधा आधीपासून मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असतो आणि प्रत्येक निर्णयात त्या आजारांचाही विचार करावा लागतो. एखाद्या मुद्द्याचा तपशील दुसऱ्या उत्तरात असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. हे वाचून चालू औषध परस्पर बंद करू नये किंवा बदलू नये.

१. सीटीच्या रिपोर्टमध्ये ‘मायकॉटिक ॲन्युरिझम’ असे लिहिले आहे. म्हणजे वडिलांच्या धमनीत बुरशी झाली आहे का?

बहुतेक वेळा नाही. विल्यम ऑस्लर यांनी १८८५ साली हृदयाच्या झडपांच्या संसर्गावर व्याख्याने देताना हे नाव वापरले आणि रिपोर्टांत ते आजही टिकून आहे. प्रत्यक्षात बहुसंख्य रुग्णांत हा आजार बुरशीमुळे नव्हे, तर जिवाणूंमुळे होतो. जंतू धमनीच्या भिंतीत शिरले की ती भिंत कुजत जाते आणि कमकुवत झालेल्या जागी फुगते. वयोमानाने होणारा पोटातील महाधमनीचा फुगा साधारणपणे वर्षाला काही मिलिमीटरने वाढतो. संसर्ग झालेला फुगा मात्र काही दिवसांतही दुप्पट झालेला दिसू शकतो. अनेकदा त्या जागी भिंत उरलेलीच नसते, आजूबाजूच्या मऊ भागांनी रक्त कसेबसे अडवून धरलेले असते. त्यामुळे नेहमीच्या फुग्याबाबत ‘साडेपाच सेंटिमीटर होईपर्यंत लक्ष ठेवू’ असे जे सांगितले जाते ते येथे लागू पडत नाही. संसर्ग झालेला फुगा लहान असतानाही फुटू शकतो.

२. रक्ताच्या नळीत जंतू पोहोचतात तरी कसे?

मार्ग मुख्यतः चार आहेत. दूषित अन्नपाण्यातून, पायाच्या जखमेतून किंवा लघवीच्या संसर्गातून जंतू रक्तात उतरतात आणि धमनीत आधीच साचलेल्या चरबीच्या खडबडीत थरावर ठाण मांडतात. आशियातील रुग्णांत साल्मोनेला हा जंतू या मार्गाने वारंवार येतो. दुसरा मार्ग हृदयाच्या झडपेचा आहे: संसर्ग झालेल्या झडपेवरचे कण सुटून मेंदू, आतडे किंवा पाय यांच्या धमन्यांत अडकतात. तिसऱ्या प्रकारात शेजारचा संसर्ग पसरतो, उदाहरणार्थ मणक्याचा किंवा मणक्यालगतच्या सोआस स्नायूतील गळवाचा. चौथा मार्ग सुईचा आहे आणि त्यात अँजिओग्राफीची सुई, डायलिसिसची सुई आणि नशेच्या इंजेक्शनची सुई या तिन्ही येतात (प्रश्न ११ आणि १२ पाहा). साल्मोनेलाखेरीज सर्वाधिक आढळणारा जंतू म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस.

३. आईला मधुमेह आहे, किडनी कमजोर आहे आणि संधिवातासाठी स्टेरॉइड चालू आहे. या सगळ्यामुळेच हे झाले का?

संबंध नक्कीच आहे. मधुमेह, मूत्रपिंड निकामी होणे, यकृताचा सिरोसिस, एचआयव्ही, कर्करोगाची औषधे आणि दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड यांमुळे रक्तात आलेले जंतू वेळीच मारले जात नाहीत. त्यातच वयामुळे आणि तंबाखूमुळे धमन्या खराब झालेल्या असतील, तर जंतूंना थारा मिळतो. मात्र म्हणून स्टेरॉइड स्वतःहून एकाएकी बंद करणे घातक आहे. बरेच दिवस घेतलेले स्टेरॉइड अचानक थांबवले तर रक्तदाब कोसळू शकतो, आणि शस्त्रक्रियेच्या काळात तर त्याचा डोस उलट वाढवावा लागतो.

४. पावसाळ्यात ताप सगळ्यांनाच येतो. मग या आजाराचा संशय कधी घ्यायचा?

जून ते ऑक्टोबर या काळात आपल्याकडे तापाच्या रुग्णाची तपासणी डेंगी, मलेरिया, लेप्टो आणि टायफॉइड या क्रमाने होते, आणि ते योग्यच आहे. परंतु पन्नाशी उलटलेल्या माणसाचा ताप औषधाने उतरतो, गोळ्या संपल्या की चार-आठ दिवसांनी पुन्हा चढतो आणि त्याच्या जोडीला कंबर, पाठ किंवा पोटात एका जागी खोलवर दुखत राहते, असे दिसले तर पोटाचे स्कॅनिंग करून घ्यावे. ज्यांच्या रक्तात साल्मोनेला सापडला आहे, जे पन्नाशीच्या पुढे आहेत आणि ज्यांना हृदयविकार किंवा धमन्यांचा आजार आहे, त्यांच्या बाबतीत ताप उतरला तरी महाधमनीची तपासणी टाळू नये, असे आमचे ठाम मत आहे. हे निदान चुकते ते बहुतेक वेळा ‘टायफॉइड होता, बरा झाला’ या समाधानामुळे.

जांघेत, गुडघ्यामागे किंवा हातात धडधडणारी, लाल आणि दुखरी गाठ आली तर ती गळू समजून कोणालाही फोडू देऊ नका. पोटात किंवा पाठीत अचानक असह्य कळ येणे, घाम फुटून चक्कर येणे, रक्ताची उलटी होणे किंवा शौच डांबरासारखी काळी होणे, ही फुगा फुटल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी १०८ ला फोन करावा आणि ‘धमनीचा फुगा असलेला रुग्ण’ असे स्पष्ट सांगावे.

५. ताप असताना डॉक्टर लगेच अँटिबायोटिक न देता आधी रक्त का काढतात?

कारण पुढचे सहा आठवडे, काहींच्या बाबतीत पुढची अनेक वर्षे, कोणते औषध द्यायचे हे या रक्तावर ठरते. ब्लड कल्चरसाठी, म्हणजे रक्तातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी, त्वचा नीट निर्जंतुक करून दोन किंवा तीन वेगवेगळ्या जागी सुई टोचून रक्त घेतात आणि प्रत्येक बाटलीत आठ ते दहा मिलिलिटर रक्त भरतात. रक्त कमी पडले तर जंतू असूनही न सापडण्याची शक्यता वाढते. ‘एवढे रक्त कशाला?’ म्हणून नातेवाईक हात आखडता घ्यायला सांगतात. कृपया तसे करू नका. आधीच कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून दोन-तीन अँटिबायोटिक घेऊन झालेले असतील तर कल्चर कोरे येऊ शकते, म्हणजे त्यात जंतू वाढत नाहीत, म्हणून त्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि रिकामी पाकिटे सोबत आणा. रुग्णाचा रक्तदाब घसरत असेल तर मात्र रक्त घेतल्या घेतल्या, निकालाची वाट न पाहता औषध सुरू करतात.

फुग्याचा आकार आणि जागा सीटी अँजिओग्राफीत कळते. एका बाजूला आलेला, कंगोरेदार फुगा, त्याभोवती सूज, द्रव किंवा हवेचे बुडबुडे, आणि काही दिवसांच्या अंतराने काढलेल्या दोन स्कॅनमध्ये झपाट्याने बदललेला आकार या संसर्गाच्या खुणा आहेत. झडपांसाठी इको करतात, गरज पडल्यास अन्ननलिकेतून. सीटीवरून खात्री होत नसेल तर पेट-सीटी (शरीरातील सूज असलेल्या जागा दाखवणारा स्कॅन) उपयोगी पडतो, मात्र त्याआधी साखर आटोक्यात हवी.

६. क्रिएटिनिन वाढलेले आहे. सीटीच्या डायने किडनी पूर्ण जाईल, अशी भीती वाटते.

भीती समजण्याजोगी आहे, परंतु येथे दोन धोक्यांची तुलना करावी लागते. फुगा कुठून सुरू होतो, मूत्रपिंडाची धमनी त्यात आहे की नाही, हे कळल्याशिवाय शस्त्रक्रियेची आखणीच होत नाही, आणि निदान न झालेला फुगा फुटला तर रुग्णच दगावतो. म्हणून डायचे प्रमाण कमीत कमी ठेवून, शरीरातील पाण्याचे प्रमाण सांभाळून, मेटफॉर्मिन आणि मूत्रपिंडावर ताण आणणारी वेदनाशामके थांबवून तपासणी करतात. जे रुग्ण कायमच्या डायलिसिसवर आहेत आणि ज्यांना लघवी होतच नाही, त्यांच्या मूत्रपिंडाचे डायमुळे आणखी काही बिघडायचे उरलेले नसते. डायची पूर्वी तीव्र ॲलर्जी झाली असेल तर ते मात्र आधी सांगणे अत्यावश्यक आहे.

७. नुसत्या अँटिबायोटिकने हा फुगा बरा होणार नाही का?

महाधमनी, जांघ किंवा पोटातील धमन्यांच्या बाबतीत सहसा नाही. औषध रक्तातले जंतू मारते, पण कुजलेली भिंत पुन्हा जोडत नाही. उलट औषध चालू असताना, ताप उतरलेला असतानाही फुगा वाढून फुटल्याची उदाहरणे आहेत. मेंदूतील लहान, न फुटलेला फुगा हा महत्त्वाचा अपवाद आहे (प्रश्न १३). ज्यांना कोणतीही शस्त्रक्रिया झेपणार नाही, त्यांच्याविषयी प्रश्न १७ मध्ये लिहिले आहे.

८. ऑपरेशन आजच करायचे की आधी औषध देऊन मग?

फुगा फुटला असेल, फुटण्याच्या बेतात असेल किंवा औषध देऊनही ताप आणि रक्तदाब आटोक्यात येत नसेल, तर त्याच दिवशी. रुग्ण स्थिर असेल तर काही दिवस नेमके अँटिबायोटिक देऊन जंतूंचा भार कमी करतात आणि त्याच वेळात साखर, हिमोग्लोबिन, डायलिसिस आणि हृदयाची स्थिती सुधारून घेतात. हा काळ घरी काढायचा नसतो. रुग्ण रुग्णालयात, शस्त्रक्रियागृहाच्या जवळ असावा आणि दुखणे वाढले की लगेच पुन्हा स्कॅन व्हावा. ‘आठवडाभर घरी जाऊन येतो, एक कार्य उरकून येतो’ अशी विनंती आमच्याकडे नेहमी होते. तिला आम्ही ठामपणे नकार देतो.

९. उघड्या शस्त्रक्रियेत नेमके काय करतात?

तत्त्व जुने आहे: कुजलेली धमनी आणि भोवतालचा संसर्ग झालेला भाग निरोगी ऊती लागेपर्यंत काढून टाकणे, आणि खालच्या अवयवांना रक्त पोहोचवण्यासाठी दुसरी वाट करून देणे. काढलेला भाग कल्चरला, सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला आणि आपल्या देशात तरी क्षयरोगाच्या चाचणीला पाठवलाच पाहिजे. मतभेद आहेत ते दुसऱ्या वाटेविषयी.

पहिला पर्याय म्हणजे त्याच जागी नवी नळी बसवणे. रक्ताचा मार्ग सरळ राहतो आणि पायांना उत्तम पुरवठा होतो. परंतु नळी पूर्वी पू असलेल्या जागेत बसते, म्हणून ती कशाची असावी याला फार महत्त्व आहे. रुग्णाच्याच मांडीतील खोल शीर काढून महाधमनी बनवता येते. ती संसर्गाला चांगली तोंड देते, पण ही शस्त्रक्रिया खूप लांबते, पाय सुजतो, आणि जेमतेम स्थिर असलेल्या रुग्णाला ते तास परवडत नाहीत. गाईच्या हृदयावरणाचा पापुद्रा शिवून केलेली नळी शस्त्रक्रियागृहातच तयार करता येते. कृत्रिम डॅक्रॉनची नळी वापरायची असेल तर ती रिफॅम्पिसिनच्या द्रावणात पंधरा ते तीस मिनिटे बुडवून ठेवतात. पांढरी नळी गडद केशरी होऊन बाहेर येते आणि औषध काही काळ तिच्या धाग्यांत टिकते. स्टॅफिलोकॉकसवर याचा उपयोग बरा, आतड्यातल्या जंतूंवर तितका नाही. नळी कोणतीही असो, तिच्याभोवती पोटातील ओमेंटम, म्हणजे आतड्यांवरचा चरबीचा पडदा, त्याच्या रक्तपुरवठ्यासह गुंडाळणे हे आम्ही अतिशय महत्त्वाचे मानतो, कारण अँटिबायोटिक तेथपर्यंत पोहोचते ते या जिवंत पडद्यातून.

दुसरा पर्याय म्हणजे संसर्गाची जागा पूर्ण टाळणे. गळपट्टीच्या हाडाखालच्या धमनीतून एक लांब नळी काढून छातीच्या आणि पोटाच्या बाजूने कातडीखालून दोन्ही जांघांपर्यंत नेतात, आणि महाधमनीचे टोक शिवून बंद करतात. पू खूप असेल, आतडे फाटले असेल, तर ही पद्धत निवडतात. तिचे दोन तोटे आहेत: लांब नळी पुढे बंद पडू शकते, आणि शिवलेले टोक काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनीही फुटू शकते. अशी नळी असलेल्या रुग्णाला बरगडीवर बोट ठेवले की ठोका लागतो; त्या कुशीवर झोपू नये, घट्ट पट्टा किंवा साडीची ताठ गाठ त्यावर येऊ देऊ नये.

१०. शेजाऱ्यांच्या फुग्यात जांघेतून स्टेंट टाकला आणि तीन दिवसांत घरी सोडले. बाबांना तसे का करत नाहीत?

शेजाऱ्यांच्या फुग्यात संसर्ग नव्हता. कापडी आवरणाचा स्टेंट रक्ताला आतून नवी वाट देतो आणि फुटण्याचा धोका लगेच कमी करतो, परंतु कुजलेली भिंत आणि पू तेथेच राहतो, आणि त्यात एक परकी वस्तू जाऊन बसते. एकेकाळी यामुळे संसर्गात स्टेंट वर्ज्यच मानला जाई. आता चित्र बदलले आहे. स्वीडनमध्ये देशभरातील रुग्णांच्या नोंदींवरून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पोटातील संसर्गग्रस्त महाधमनीसाठी स्टेंट बसवलेल्यांचे सुरुवातीच्या तीन महिन्यांतले जगण्याचे प्रमाण उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा चांगले आढळले आणि पाच वर्षांनी दोन्ही गटांत फरक उरला नाही. म्हणजे अशक्त, वयस्कर, हृदय कमजोर असलेल्या रुग्णासाठी स्टेंट हा आता मान्य मार्ग आहे. छातीतील महाधमनीत, जेथे उघडी शस्त्रक्रिया फारच जड जाते, तेथे तर तो बहुतेकदा पहिला विचार असतो.

त्याला अटी मात्र आहेत. जंतू ओळखलेला असावा आणि त्यावर चालणारे औषध उपलब्ध असावे. शक्य असल्यास ताप उतरल्यावर स्टेंट बसवावा. भोवती गळू असेल तर सीटी पाहत नळी घालून पू काढावा. आणि रुग्णाने दीर्घकाळ, अनेकदा आयुष्यभर, अँटिबायोटिक घेण्याची तयारी ठेवावी. धमनी आणि आतडे यांच्यात भोक पडलेले असेल तर स्टेंट फक्त रक्तस्राव थांबवून वेळ मिळवून देतो, त्यानंतर पक्की शस्त्रक्रिया करावीच लागते. आमची खरी काळजी स्टेंटविषयी नाही, तर स्टेंटनंतर ‘झाले एकदाचे’ म्हणून औषधे आणि तपासण्या सोडून देणाऱ्यांविषयी आहे.

११. डायलिसिसच्या फिस्टुलावर गाठ वाढली आहे, कातडी चकाकते आहे आणि मध्ये काळी खपली आहे. पुढच्या पाळीपर्यंत थांबू का?

थांबू नका. ताणून चकाकणारी पातळ कातडी, सुईच्या जागी न भरणारी जखम किंवा खपली, पू, आणि आपोआप येऊन थांबलेले थोडे रक्त ही धोक्याची सूचना आहे. पहिला लहानसा रक्तस्राव थांबला म्हणून निर्धास्त होऊ नये. पुढचा काही मिनिटांत जीव घेऊ शकतो. त्या गाठीत सुई टोचू देऊ नका आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

रक्त उडू लागले तर हात उंच धरा आणि नेमक्या त्या भोकावर एका-दोन बोटांनी, लहान घडी घातलेल्या स्वच्छ कापडावरून, जोराने दाबून ठेवा. मोठा टॉवेल गुंडाळू नका, कारण त्यात रक्त मुरत राहते आणि दाब मात्र पडत नाही. दर मिनिटाला बोट उचलून पाहू नका. दुसऱ्याने १०८ ला फोन करावा.

अशा फुग्यात संसर्ग झालेला भाग काढून धमनी बांधतात किंवा दुरुस्त करतात, आणि डायलिसिससाठी तात्पुरता कॅथेटर दुसऱ्या जागी घालतात. फिस्टुला वाचवता येईलच असे नाही. रक्तातले जंतू गेल्याची खात्री झाल्याशिवाय नवा कायमचा कॅथेटर किंवा कृत्रिम ग्राफ्ट बसवू नये.

१२. अँजिओग्राफीनंतर जांघेत धडधडणारी गाठ आली आणि आता पू येतो आहे. धमनी बांधली तर पाय जाईल का?

नेहमीच नाही. मांडीला रक्त पुरवणाऱ्या इतर लहान धमन्या असतात, आणि एकच धमनी बांधावी लागली तर अनेक रुग्णांचा पाय वाचतो. जांघेतील धमनी जेथे दुभागते ती जागाच काढावी लागली तर धोका बराच वाढतो. शस्त्रक्रियेच्या टेबलावर धमनी दाबून धरून घोट्यापाशी डॉप्लर (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह तपासणारे यंत्र) लावतात. प्रवाहाचा आवाज मिळत असेल तर नुसते बांधणे पुरते. मिळत नसेल तर पायातील शीर वापरून किंवा संसर्गाची जांघ टाळून दुसऱ्या मार्गाने बायपास करतात. वयस्कर मधुमेही रुग्णाच्या धमन्या आधीच बंद होत आलेल्या असतात, म्हणून त्यांना बायपासची गरज अधिक पडते. इंजेक्शनच्या नशेमुळे फुगा झालेल्या तरुणांत बहुधा बांधणेच श्रेयस्कर ठरते, कारण त्या जागी पुन्हा सुई टोचली तर नवी नळी दूषित होते. अशा रुग्णाने नशेविषयी खरे सांगावे. ती माहिती उपचारासाठी हवी असते.

१३. झडपेला संसर्ग आहे आणि मेंदूच्या धमनीतही फुगा सापडला आहे. आधी कोणते ऑपरेशन?

हृदयाच्या शस्त्रक्रियेत रक्त पातळ करण्यासाठी हेपारिनचा मोठा डोस द्यावा लागतो, आणि मेंदूतला फुगा फुटलेला असेल तर तोच डोस घातक ठरू शकतो. म्हणून फुटलेला फुगा सहसा आधी बंद करतात, आज बहुतेकदा जांघेतून कॅथेटर नेऊन. मेंदूत मोठा रक्तस्राव झाला असेल आणि हृदयाला थांबणे झेपत असेल तर झडपेची शस्त्रक्रिया सुमारे चार आठवडे पुढे ढकलतात. लहान, न फुटलेला फुगा अँटिबायोटिकने नाहीसा होऊ शकतो, मात्र त्यासाठी ठरावीक अंतराने मेंदूच्या धमन्यांचे स्कॅन करावे लागतात. हृदय झपाट्याने निकामी होत असेल तर हा सगळा क्रम बदलतो.

१४. क्षयरोगामुळे असे होऊ शकते का? आणि प्रत्यारोपण झालेल्याला टीबीची औषधे चालतात का?

होऊ शकते. क्षयाने बाधित लसिका ग्रंथी किंवा मणका महाधमनीला चिकटून असतो आणि आजार तेथून भिंतीत शिरतो. अशा वेळी शस्त्रक्रिया किंवा स्टेंट आणि क्षयरोगाची पूर्ण औषधे, दोन्ही लागतात. साधे कल्चर कोरे येते, म्हणून जीन एक्सपर्ट (क्षयाच्या जंतूची जनुकीय चाचणी) आणि क्षयरोगाचे वेगळे कल्चर मागावे. रिफॅम्पिसिन, लिनेझोलिड, लेव्होफ्लॉक्सासिन आणि ॲमिकासिन ही औषधे क्षयाच्या जंतूवरही काम करतात. निदान होण्याआधीच ती सुरू केली तर आजार झाकला जातो. मूत्राशयाच्या कर्करोगासाठी बीसीजीचे डोस घेतलेल्या रुग्णांतही क्वचित तोच जंतू महाधमनीत सापडतो, तेव्हा तो इतिहास आवर्जून सांगा.

प्रत्यारोपण झालेल्यांसाठी खरा पेच रिफॅम्पिसिनचा आहे. ते टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन या प्रत्यारोपणानंतर घ्याव्या लागणाऱ्या औषधांची रक्तातील पातळी झपाट्याने खाली आणते आणि त्यामुळे बसवलेले मूत्रपिंड शरीराकडून नाकारले जाऊ शकते. वॉर्फरिन, नवी रक्त पातळ करणारी औषधे आणि मधुमेहाच्या काही गोळ्या यांचाही परिणाम ते कमी करते. म्हणून पातळी वारंवार तपासून डोस बदलतात किंवा त्याऐवजी रिफाब्युटिन या औषधाचा विचार करतात. नळी बुडवण्यासाठी वापरलेले रिफॅम्पिसिन (प्रश्न ९) हा वेगळा विषय आहे; त्याने असा गोंधळ सहसा होत नाही.

१५. अँटिबायोटिक किती दिवस चालणार? इंजेक्शने घरी घेता येतील का?

शिरेतून बहुधा सहा आठवडे, त्यानंतर गोळ्या किमान काही महिने. संसर्गाच्या जागी कृत्रिम नळी किंवा स्टेंट असेल तर काहींना आयुष्यभर. रुग्ण स्थिर झाल्यावर परिचारिकेकडून घरी इंजेक्शने घेता येतात, मात्र दर आठवड्याला रक्तपेशी, क्रिएटिनिन आणि सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारी रक्तचाचणी) तपासावे लागते. ज्यांना आज ना उद्या डायलिसिस लागणार आहे, त्यांच्या दंडातून पिक लाइन (शिरेतून औषध देण्यासाठी बरेच दिवस ठेवायची लांब नळी) घालू नये. फिस्टुलासाठी लागणारी शीर त्याने वाया जाते. हे डॉक्टरांना आठवण करून देण्यात संकोच वाटू देऊ नका.

साल्मोनेलासाठी ‘सिप्रो घरात आहे, तीच घेऊ’ असे अनेक जण विचारतात. भारतात साल्मोनेला या औषधाला मोठ्या प्रमाणावर दाद देत नाही. शिवाय अमेरिकेच्या औषध नियामकाने डिसेंबर २०१८ मध्ये या गटातील औषधांमुळे महाधमनी फुगण्याचा आणि फाटण्याचा धोका वाढू शकतो, असा इशारा दिलेला आहे. दुसरा पर्याय नसेल तेव्हा ती वापरतात, पण विचारपूर्वक.

१६. कल्चर कोरे आले. मग हा संसर्ग नाही असे समजायचे का?

नाही. बऱ्याच रुग्णांत रक्ताचे कल्चर कोरेच येते, विशेषतः आधी औषध घेतलेल्यांत. मात्र उलट शक्यताही असते: टाकायासू, बेहचेट आणि आयजीजी-४ हे जंतूंशिवाय धमनीला सूज आणणारे आजार स्कॅनवर संसर्गासारखे दिसू शकतात आणि त्यांवरचा उपचार स्टेरॉइड आहे, जो संसर्गात दिला तर आग भडकते. म्हणून तापाचा माग, स्कॅनमधील बदल, काढलेल्या ऊतीची तपासणी आणि गरजेप्रमाणे जनुकीय चाचणी पाहून, संधिवाततज्ज्ञ आणि संसर्गतज्ज्ञ यांच्याशी चर्चा करूनच ठरवावे लागते. शंका उरली तर आम्ही आधी संसर्ग गृहीत धरतो.

१७. हृदयाचे पंपिंग तीस टक्के आहे, वय ऐंशीच्या घरात आहे. ऑपरेशन झेपेल का? आणि नकोच म्हटले तर?

केवळ वयावरून किंवा पंपिंगच्या आकड्यावरून नकार देऊ नये. महिन्यापूर्वी रुग्ण स्वतः अंघोळ करत होता का, जिना चढत होता का, हे आम्ही आधी विचारतो. स्टेंट अनेकदा जांघेत नुसती जागा बधिर करून बसवता येतो. भूलतज्ज्ञ, हृदयरोगतज्ज्ञ, मूत्रपिंडतज्ज्ञ आणि संसर्गतज्ज्ञ यांनी एकत्र बसून ठरवावे, आणि कुटुंबाने त्यांना तीन गोष्टी सरळ विचाराव्यात: काही न केल्यास काय होईल, सर्वांत लहान उपाय कोणता, आणि त्यानंतर रुग्ण घरी कोणत्या अवस्थेत परतेल. रक्त पातळ करणारी औषधे केव्हा थांबवायची, हे हृदयात स्टेंट कधी बसला त्यावर अवलंबून असते. ती परस्पर थांबवू नयेत.

शस्त्रक्रिया नको हा निर्णय रुग्ण घेऊ शकतो आणि त्याचा मान राखला पाहिजे. तेव्हाही औषधे, वेदनाशमन आणि रक्तदाबावर नियंत्रण चालू राहते. फुगा अचानक फुटू शकतो, हे घरातल्या सर्वांना आधी माहीत असावे, आणि तसे झाल्यास रुग्णालयात न्यायचे की नाही हे रुग्णाशी शांतपणे बोलून ठरवलेले असावे.

१८. उपचार ठाणे किंवा नवी मुंबईत होऊ शकतो का? खर्चाचे काय?

रुग्णालयाच्या नावापेक्षा सोयी पाहा: चोवीस तास रक्तवाहिनी शल्यचिकित्सक, सीटी अँजिओग्राफी, आयसीयूत डायलिसिस, रक्तपेढी आणि सूक्ष्मजीवशास्त्राची चांगली प्रयोगशाळा. यातले काही नसेल तर रुग्ण स्थिर असतानाच हलवावा. परळचे केईएम आणि भायखळ्याचे जे. जे. ही मोठी सार्वजनिक रुग्णालये आहेत. निघण्यापूर्वी त्या विभागाच्या डॉक्टरांशी आपल्या डॉक्टरांनी बोलून खाट नक्की केलेली असावी. संध्याकाळच्या गर्दीत घोडबंदर रस्त्यावरून किंवा ऐरोलीच्या पुलावरून जायला किती वेळ लागेल हेही त्या हिशेबात धरा. सीटीची सीडी, नुसता कागद नव्हे, सोबत न्या.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत प्रति कुटुंब वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा आणि स्टेंट ग्राफ्टची किंमत पॅकेजमध्ये बसते का, हे आधीच विचारा. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात.

१९. आता ताप नाही, सीआरपी नॉर्मल आहे. तरी स्कॅन कशाला?

कारण नळीच्या जोडाजवळ नवा फुगा तापाशिवायही येऊ शकतो. पहिल्या वर्षी स्कॅन जवळजवळच्या अंतराने आणि नंतर साधारण वर्षातून एकदा करतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर मधले काही स्कॅन डॉप्लरने भागवतात. काळी शौच झाली तर, मूळव्याध समजून थांबू नका: महाधमनी आणि आतडे यांच्यात वाट पडल्याची ती पहिली खूण असू शकते.

२०. नळी बसवून वर्ष झाले आहे. दात काढायचा आहे, काही घ्यावे लागेल का?

दंतवैद्याला नळीविषयी आधी सांगा आणि आमच्याशी बोलायला सांगा. प्रत्येकाला आधी अँटिबायोटिक लागतेच असे नाही. हृदयाच्या झडपेचा संसर्ग पूर्वी झालेल्यांना किंवा कृत्रिम झडप असलेल्यांना ते देतात, इतरांचा निर्णय रुग्ण पाहून होतो. जे आधीच रोज अँटिबायोटिक घेत आहेत त्यांच्यासाठी वेगळ्या गटातले औषध निवडावे लागू शकते. रक्त पातळ करणारी गोळी दातासाठी स्वतःहून बंद करू नका. दातात किंवा हिरडीत पू झाला असेल तर तो मात्र लांबणीवर टाकू नका, आणि पायाच्या नखुरड्यालाही हाच नियम लावा.